तिसऱ्या गिअरचा चढ

श्वास हेच सर्व सामर्थ्याचे मूळ आहे. ज्याचा श्वास मोकळा त्याला काहीच अशक्य नाही, आणि ज्याचा श्वास अडला त्याचे बाकी सगळे असून नसल्यासारखे. हे वाक्य एखाद्या योग्याचे असावे असे वाटेल. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते एका पांढऱ्या जुन्या गाडीच्या खालून आले होते आणि बोलणाऱ्याचे फक्त पाय दिसत होते. पायांत क्लासला घालायचे चकचकीत काळे बूट होते. लातुरात भौतिकशास्त्र शिकवणारे बिराजदार सर त्या दिवशी सायलेन्सरचे नट ढिले करत होते, आणि श्वास हा शब्द ते गाडीच्या धुराबद्दल वापरत होते.

मी नांदेडचा. लातुरात आलो तेव्हा भूकंपाला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती, तरी माझ्या घरमालकीणबाई मला खाट भिंतीला लावू देत नव्हत्या. शहरात क्लासचे पीक आले होते. हदगावपासून निलंग्यापर्यंतची मुले पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन एसटीतून उतरत, आणि दोन वर्षांनी त्यांतली थोडी चौकातल्या फ्लेक्सवर चढत. बाकीची कुठे जात हे फ्लेक्सवर लिहिलेले नसे. मी मराठी शिकवत असे. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या दृष्टीने मी वेळापत्रकातली चहाची सुट्टी होतो.

शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी सरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले.

"कंधारकर, तुम्ही साठच्या आत आहात."

"बराच आत. मला अजून चाळीसही झाली नाहीत."

"वय न्हाई हो. वजन."

"असेन."

"बरं झालं," ते म्हणाले आणि तासाला निघून गेले. नव्या गावात मिळालेली पहिली दाद म्हणून मी ती ठेवून घेतली. पुढे लक्षात आले की सर प्रत्येकाकडे तसेच बघतात. लग्नाच्या पंगतीत, शोकसभेत, बँकेच्या रांगेत ते लोकांची वजने मनाशी मांडत असत. चुकत फारसे नसत. रसायनशास्त्राचे मुळे सर त्यांना टाळण्यासाठी पोट आत ओढून बसायचे. "आत घेतल्यानं भार कमी होत न्हाई मुळे," सर शांतपणे सांगायचे, "फक्त श्वास अडतो."

त्यांचे शिकवणे लातुरात प्रसिद्ध होते. फळ्यावर ते एक तिरपी रेघ काढत, रेघेवर एक चौकट, आणि खडूने त्या चौकटीवर टकटक करून तीन प्रश्न विचारत: "भार किती? चढ किती? अडतंय कुठं?" कुठलाही धडा शेवटी त्या तिरप्या रेघेवर येऊन थांबे. मुले हे तीन प्रश्न एकमेकांना चहाच्या टपरीवर विचारत. एकदा मुळ्यांच्या घरी सुनेचे आणि सासूचे वाजले, तेव्हा सरांनी त्यांनाही तेच तीन प्रश्न विचारले. मुळे म्हणाले, "भार दोघींचा सारखाच हाय सर, अडतंय माझ्यात."

नांदेडचे एक क्लासवाले त्यांना न्यायला आले होते. दुप्पट पगार, राहायला घर, चौकात फोटो. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्याकडचे रस्ते लई सपाट हायत." ते गृहस्थ परतीच्या वाटेवर त्याचा अर्थ लावत बसले असतील. मी नांदेडचा असून मलाही तो तेव्हा लागला नाही.

गाडी त्यांनी पुण्याहून आणली होती, वापरलेली. ती आल्या दिवसापासून सरांचे म्हणणे एकच होते, की तिचे इंजिन चांगले आहे पण तिचे तोंड दाबलेले आहे. या मताला त्यांना मुनीर मिस्त्री भेटला. औसा रस्त्यावर त्याचे गॅरेज. मुनीरला कुठल्याही गाडीत जे दिसे ते सगळे मुळात नको होते असे वाटे. दोघांची गाठ पडल्यावर त्या गाडीचे काय होणार हे उघडच होते.

इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाण्याआधी पत्र्याच्या एका डब्यातून जातो. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते आणि ती धुरातले विष कमी करते, हे मला मुळ्यांनी सांगितले. मुनीरने तो डबा काढला, उभा धरला आणि लोखंडी सळईने आतली जाळी फोडली. करड्या रंगाचे तुकडे जमिनीवर पडले.

"बघा सर, घशात पोळं घालून ठेवलंवतं. कशी पळंल बिचारी?"

"अहो, त्या जाळीनं विष मरतंय," मुळे म्हणाले.

"विषासंगं गाडी बी मरत होती," मुनीर म्हणाला.

 सरांनी तुकडे केरसुणीने गोळा करून सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरले आणि पिशवी घरी नेली. ती पिशवी त्यांच्या जिन्याखाली कायम असे. का ठेवली, हे विचारायचे मला सुचले नाही.

मग दुसरी शस्त्रक्रिया झाली. इंजिनातून गेलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडणारी एक नळी असते. सर तिच्यावर व्यक्तिशः संतापले होते. "उष्टा श्वास! एकदा सोडलेला श्वास परत आत घ्यायचा? माणूस गुदमरून मरंल." मुनीरने त्या नळीच्या तोंडाशी पत्र्याची चकती ठोकून ती बंद केली. चकती आमच्याच क्लासच्या जुन्या पाटीतून कापली होती. तिच्यावर 'यशाची' एवढी अक्षरे वाचता येत. पुढे हवेची गाळणीही गेली, कारण तिचाही कुणाला उपयोग दिसला नाही.

गाडीत ताकद आली का? आवाज नक्कीच आला. सर गल्लीत शिरले की लोक ट्रॅक्टर आला समजून दारातली भांडी उचलत. माझ्या मते गाडी पूर्वीइतकीच पळत होती, पण आवाजामुळे जास्त पळते असे वाटे. जाहीर सभांतही हेच होते, असे मी सरांना एकदा म्हणालो. त्यांना ते आवडले नाही. पीयूसीचा दाखला मात्र दर वेळी वेळेवर निघे. दाखला देणारा गाडीचा नंबर विचारायचा, गाडी विचारायचा नाही.

क्लासच्या गुणवंतांच्या सत्काराला एक मोठे पुढारी आले होते. मंडप, तुताऱ्या, मुलांच्या आयांना फेटे. पुढारी म्हणत होते की या भूमीने भूकंप पचवला आणि आता ती ज्ञानाचा प्रकाश ओकते आहे. तेवढ्यात मंडपामागे सरांनी गाडी चालू केली. कनातीखालून धूर आत आला, पहिल्या रांगेतल्या गुणवंतांचे डोळे चुरचुरले, पुढाऱ्यांना ठसका लागला आणि प्रकाश तिथेच संपला. संचालक धावत मागे गेले. सर म्हणाले, "मी भूकंपाच्या भाषणाला थांबत न्हाई," आणि निघून गेले. या एकाच वाक्यात त्यांनी तो शब्द माझ्यासमोर उच्चारला असेल.

दर हिवाळ्यात ते आम्हाला हुरड्याला नेत. औशाच्या पुढे, किल्लारीच्या बाजूला त्यांचे गाव. जुने गाव म्हणजे दगडांचे ढीग आणि त्यांवर माजलेल्या वेड्या बाभळी. नवे गाव थोडे लांब, एकसारख्या घरांच्या रांगांचे. सरांचे शेत दोन्हींच्या मध्ये होते. आगटीत कणसे भाजली जात, गरम हुरडा, लसणाची चटणी, दही. सर स्वतः काही खात नसत, पण आम्हाला आग्रह भयंकर. "खा मुळे, खा. भार पडू द्या."

पहिल्या वर्षी मला वाटले हे आतिथ्य आहे. परतताना गाडीत बसायची वेळ आली तेव्हा जागा ठरलेल्या निघाल्या. पुढे सर आणि मुळे. मागे मुनीर, क्लासचा शिपाई आणि गणिताचे एक शिक्षक. डिकीत एका माणसाच्या भाराचे ज्वारीचे पोते. मी दार धरून उभा होतो.

"कंधारकर, तुम्ही आडवे व्हा."

"म्हणजे?"

"मागच्यांच्या मांडीवर. डोकं मुनीरकडं. गुडघे मोडून घ्या."

मला वाटले थट्टा आहे. कुणीच हसत नव्हते. शेवटी मुनीर म्हणाला, "या सर, आईच्या मांडीवर या," आणि मी तीन प्रौढ पुरुषांच्या मांड्यांवर आडवा झालो. मराठीच्या अध्यापकाला समाजात कुठे जागा आहे, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

औसा यायच्या आधी रस्त्याला एक चढ होता. घाट म्हणावा असा नव्हे, बैलगाडीवाले खाली उतरून चालत एवढाच. चढ दिसला की गाडीतले बोलणे थांबे. सर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवत. मध्यावर एक बाभूळ होती. बाभळीच्या आसपास इंजिन धापा टाकू लागे, गाडी थरथरे, आणि सरांना दुसरा गिअर टाकावा लागे. मग लातूर येईपर्यंत ते अवाक्षर बोलत नसत. आम्हीही गप्प असू, कारण दर वर्षी येताना सगळ्यांचे डोके दुखे. त्याचा दोष आम्ही उन्हाला आणि दह्याला देत असू.

दुसऱ्या वर्षी परतल्यावर सर गाडी घेऊन तसेच गॅरेजला गेले आणि मी त्यांच्या घरी पाणी प्यायला थांबलो. वहिनींनी पाण्याबरोबर चहा आणला.

"यंदा बी तुम्हालाच आडवं केलं का?"

"हो. सवय झाली आता."

त्या जरा वेळ बशी पुसत राहिल्या. "शिवा तसाच होता," त्या म्हणाल्या.

शिवलिंग हा सरांचा धाकटा भाऊ, हे मला तेव्हा कळले. भूकंपाच्या सकाळी सर वहिनींच्या वडिलांची जुनी गाडी घेऊन गावाकडे गेले होते. दगडामातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद, सगळे बसले होते. शिवाला बाहेर काढले तेव्हा तो बोलत होता. त्याला मागच्या लोकांच्या मांडीवर आडवे घातले. आणखी जखमी होते, कुणाला नाही म्हणणार? गाडी भरली. त्या चढावर, बाभळीपाशी, ती बंद पडली. ज्यांना उतरता येत होते ते उतरले आणि त्यांनी ढकलली. चढ संपला तेव्हा शिवा संपला होता.

"म्हणून हे चाललंय," वहिनी म्हणाल्या. "तेवढाच भार घेऊन, कुणाला न उतरवता, तिसऱ्यात चढली पायजे. मी एकदा विचारलं, चढली म्हंजे काय होईल? म्हणले, मग कळंल की चढता येत होतं, मीच कमी पडलो. आन न्हाई चढली तर? म्हणले, तर अजून काम ऱ्हायलंय."

त्यांनी कप उचलला. "दोन्हीकडून त्यांचीच चूक. कुठल्या कोर्टात असं असतंय का हो?"

मी मुनीरला गाठले. त्याला सगळे माहीत होते. "त्या जुन्या गाडीला ही जाळी नव्हतीच," तो म्हणाला. "नळी न्हाई, काय न्हाई. तवा असलं काय निघालंच नव्हतं. मी बोललो सरांना. सर म्हणले, मग तिच्यात काय अडत होतं ते ह्या गाडीत शोध." त्याने हात पुसले. "आता असं म्हणल्यावर मी काय करू? मी शोधून ऱ्हायलो."

तिसऱ्या हिवाळ्यात मी पुन्हा आडवा झालो. नाही म्हणता आले असते. पण वहिनींनी सांगितल्यापासून ती जागा माझी राहिली नव्हती, आणि दुसऱ्याची जागा नाकारायला निमित्त सापडत नाही.

मुनीरने त्या वर्षी सायलेन्सरच जवळजवळ काढून टाकला होता. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, धुरळा उडत होता, म्हणून मुळ्यांनी काचा वर करायला लावल्या. चढ आला. सरांनी तिसरा टाकला. बाभूळ जवळ आली आणि गाडी थरथरली नाही.

"चढून राहिली सर!" मुनीर ओरडला. "चढून राहिली! दबवा!"

मला तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. अंग गरम, डोके जड, आणि एक सुखाची झोप येत होती. मागच्या सीटखाली पत्र्याला गंजून भोक पडले होते आणि माझे तोंड नेमके त्यावर होते, हे नंतर उघड झाले. मला काहीतरी म्हणायचे होते. ते काय होते हे मला आजही आठवत नाही. पुढचे मुळ्यांकडून ऐकलेले.

मुळे मागे वळले आणि म्हणाले, "सर, थांबा. कंधारकरांचं तोंड बघा."

"थोडंच ऱ्हायलंय."

"सर, माणूस चाललाय!"

मुळे सांगत की सरांनी आरशात बघितले. वरचे टोक दिसत होते. बाभूळ मागे पडली होती, गाडी तिसऱ्यात होती, इंजिन मजेत ओढत होते. कुणालाही उतरावे लागणार नव्हते. सरांनी ब्रेक दाबला. गाडी चढावरच गचका देऊन बंद पडली.

त्यांनीच मला ओढून बाहेर काढले. शुद्धीवर येताना मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. सरांनी मला कधी अहोजाहोशिवाय हाक मारली नव्हती. ते माझ्या छातीवर हात ठेवून म्हणत होते, "घे रे. श्वास घे. घे की. आलंच लातूर."

लातूर अजून बरेच लांब होते. मी उठून बसलो आणि सगळा हुरडा रस्त्याच्या कडेला ओकलो.

गाडी पुन्हा चालू होईना. मग सगळ्यांनी उतरून ती ढकलली. स्टिअरिंगवर मुनीर, मागे मुळे, शिपाई, गणिताचे शिक्षक आणि मध्ये काळ्या बुटांतले सर. मी मैलाच्या दगडावर बसून बघत होतो. मला बघता येत होते, एवढाच फरक होता.

त्यानंतर हुरडा बंद झाला. मुनीरने भोक बुजवले. मुळ्यांनी महिनाभर शिक्षकांच्या खोलीत धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडवर व्याख्याने दिली: त्याला वास नसतो, ते रक्तात बसते, माणूस झोपेतच जातो. सर ऐकत असत. एकदा त्यांनी मध्येच विचारले, "आधीच अशक्त माणूस असला तर?"

"तर लवकर."

"शिवाच्या गाडीला जाळी नव्हती. खालचा पत्रा जुना होता."

मुळ्यांच्या लक्षात आले.  "काचा उघड्या असल्या की काही होत न्हाई, सर. हवा खेळती राहती."

"पावसाची भुरभुर होती," सर म्हणाले. "काचा मीच लावायला सांगितल्या. त्याला थंडी वाजत होती."

 घंटा झाली आणि सर तासाला गेले. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर तिरपी रेघ काढली, चौकट काढली आणि तीन प्रश्न न विचारता पुसून टाकली, असे मुले म्हणाली.

भूकंपाच्या सकाळची ती जुनी गाडी नांदेडच्या भंगारवाल्याला विकली होती. मी सुट्टीत घरी निघालो तेव्हा सर म्हणाले, "बघा जरा. पत्रा असंल कुठं पडलेला, तर भोक दिसंल." मी खरेच गेलो. भंगारवाला हसला. "साहेब, तिच्या आतापर्यंत चार वेळा बादल्या झाल्या असतील." मी सरांना सांगितले की दुकानच सापडले नाही. त्यांनी मान हलवली.

पुढे माझी लातुरातली नोकरी सुटली आणि भेटी तुटल्या. सर मला शेवटचे दिसले ते एसटीच्या खिडकीतून. निलंग्याहून परतत होतो, औसा अजून आले नव्हते. रस्ता नुकताच चौपदरी झाला होता, नवा आणि काळाभोर. कडेला ती पांढरी गाडी उभी होती, चारही दारे उघडी, चारही काचा खाली. सर तिच्यापासून थोडे दूर, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आजूबाजूला बाभूळ शोधावी तर तीही नव्हती. मी हात केला, त्यांनी बघितले नसावे. मी सीटचा दांडा घट्ट धरला आणि एसटी चढाला ओढू लागण्याची वाट बघत राहिलो.

बांधकाम खात्याने चढ कापून रस्ता सरळ केला होता. ड्रायव्हरला गिअर बदलावा लागला नाही.